सोनापूरचा ऑगस्ट

इथला ऑगस्ट येत नाही, अंगावर धावून येतो. सकाळी बिल्डिंगचं काचेचं दार ढकललं की ओल्या, गरम घोंगडीनं कुणीतरी तोंड दाबून धरल्यासारखा श्वास अडतो. चष्मा एका क्षणात पांढरा होतो. गाडीच्या कडीला बोट लागलं तर फोड येतो. नळाचं पाणी चुलीवरून उतरवल्यासारखं येतं आणि आंघोळ करून बाहेर आलेला माणूस आंघोळीआधीपेक्षा जास्त भिजलेला असतो. हेच दिवस खजूर उतरवायचे. फळांच्या दुकानांपुढे रुतबाचे, म्हणजे झाडावरून काढलेल्या ताज्या, रसाळ खजुरांचे खोके लागतात. पिवळे, तपकिरी, अर्धे पिवळे नि अर्धे काळे. त्यांच्यावर गांधीलमाश्या घोंगावत असतात. हवेला गोड, आंबूस वास सुटतो. इथले लोक म्हणतात, हा उकाडा आहे म्हणून खजूर पिकतो. असेलही. मी मात्र या दिवसांत त्या दुकानांवरून जाताना भराभर पावलं उचलते. तो वास आला की मला रक्ताचा वास येतो.

नव्वदीच्या दशकाची ती शेवटची वर्षं होती. आम्ही कुसैसला राहत होतो, दुबईच्या अगदी कडेला, शारजाला चिकटून. आता तिथं उभं राहिलं तर एक शहर कुठं संपलं आणि दुसरं कुठं सुरू झालं ते सांगता येत नाही. पण तेव्हा कड म्हणजे खरोखरची कड होती. आमच्या बिल्डिंगनंतर एक मशीद, एक टायरचं दुकान, मग खडीचा रस्ता, आणि त्यापुढे काही नाही. खारवट, पांढुरकी, कडक जमीन, तिच्यावर वाऱ्यानं लोटलेले वाळूचे ढिगारे आणि त्या वाळूत लांबच लांब ओळीनं ठोकलेल्या लोखंडी खुंट्या. प्रत्येक खुंटीला लाल चिंधी. तिथं पुढेमागे रस्ते, शाळा, व्हिला होणार होते. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला ते होणारं उपनगर असं चिंध्यांमधूनच दिसायचं. वायव्येचा शमाल वारा सुटला की साऱ्या चिंध्या एकाच दिशेला ताठ व्हायच्या आणि वाळू काचेवर मूठमूठ फेकल्यासारखी आपटायची.

त्या खुंट्यांच्या पलीकडे मुहैस्नाह. हे झालं पाटीवरचं नाव. तिथं राहणारे हजारो कामगार त्याला सोनापूर म्हणत. सोन्याची नगरी म्हणून असेल, किंवा थट्टेनं असेल. माझ्या सासूबाई गिरगावात वाढलेल्या. पहिल्यांदा इथं आल्या तेव्हा श्रीकांत, माझा नवरा, त्यांना खिडकीतून दाखवत सहज म्हणाला की ते दिवे दिसतात ना, ते सोनापूर. सासूबाईंनी त्याला तिथल्या तिथे दटावलं. जुन्या मुंबईकरांच्या तोंडी सोनापूर म्हणजे स्मशान. तिन्हीसांजेला असलं नाव काढायचं नाही, म्हणाल्या.

मी मिरजेची. नर्सिंग तिथंच केलं, लग्नानंतर इथं आले आणि आमच्याच बिल्डिंगच्या तळमजल्यावरच्या क्लिनिकमध्ये लागले. शहराच्या कडेचं शेवटचं क्लिनिक ते. डॉक्टर केरळचे, मितभाषी. दुपारी तास दोन तास घरी जाऊन झोपणारे. लेबर कॅम्पमधली माणसं आमच्याकडे येत, कारण मोठं हॉस्पिटल लांब आणि टॅक्सी कॅम्पात जायला नाखूश. थोड्याच महिन्यांत मला जखम बघून माणूस कुठून आला ते ओळखू येऊ लागलं. रास अल खोरच्या वर्कशॉपांमधून चेपलेली बोटं यायची, नखं काळी झालेली. साइटवरून खिळा आरपार गेलेले तळपाय. उन्हाळ्यात सोनापूरकडून बेशुद्ध माणसं, कातडी तव्यासारखी तापलेली आणि घाम संपून कोरडी पडलेली. ही माणसं फारसं ओरडत नसत. टाके घालताना छताच्या पंख्याकडे बघत राहत. जास्त विचारलं तर एकच उत्तर, "खलास सिस्टर, हो गया."

याच क्लिनिकात उम्म सालेम येत असत. सालेमची आई एवढाच त्याचा अर्थ. त्यांचं खरं नाव मला कधी कळलं नाही. सत्तरीच्या बाई, चेहऱ्यावर मुखवट्यासारखा काळा कडक बुरखा, गुडघे पार गेलेले. इथल्या जुन्या माणसांना मुंबईच्या व्यापारामुळे हिंदी येतं, तसं त्यांना येत होतं. गुडघ्याला शेक घेताना त्या खिडकीतून खुंट्यांकडे बघायच्या. एकदा मी गप्पा मारायच्या म्हणून म्हटलं, की काही वर्षांत इथं केवढं मोठं गाव होईल, आधी काहीच नव्हतं ना. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग बोटानं दाखवत सांगू लागल्या. ते टायरचं दुकान आहे ना, त्याच्या मागे विहीर होती. शेजारी गाफची तीन झाडं. उन्हाळ्यात खजुरासाठी आतल्या ओअ‍ॅसिसकडे, अल ऐनच्या बाजूला निघालेली कुटुंबं उंटांसह तिथं थांबायची. विहिरीवर दोन घराण्यांचा हक्क होता, आणि कुणाचा हक्क आधीचा यावर रक्त सांडलं होतं. त्यांच्या काकाला तिथं खंजिरानं मारलं. त्या तेव्हा पोहरा धरण्याइतक्या मोठ्या होत्या. दुसऱ्या दिवशी आईबरोबर पाण्याला गेल्या तर दोर लाल झालेला. आई दोर धूत होती, पण धुवायचं पाणी त्याच दोरानं काढायचं होतं. त्यानंतर कितीतरी उन्हाळे पुरुष विहिरीकडे एकटे जात नसत. बायका जायच्या, आणि दोन्ही घराण्यांच्या बायका एकमेकींकडे न बघता पाणी शेंदायच्या.

हे सगळं सांगून त्यांनी बुरखा सारखा केला आणि म्हणाल्या, "और बिन्ती, पानी खारा था. बकरी भी मुश्किल से पीती थी."

बिन्ती म्हणजे माझी मुलगी. मी शेकाची पिशवी त्यांच्या दुसऱ्या गुडघ्यावर ठेवली.

या गोष्टीवर मी फार नंतरही विचार केला आहे. आमची मुग्धा आता अमेरिकेत, शिकागोपासून तासाभरावरच्या एका उपनगरी शहरात असते. सपाट प्रदेश, काटकोनात कापलेले रस्ते, सारख्या उंचीचं गवत, सारखी घरं, आणि गावाबाहेर लगेच मक्याची शेतं. तिच्याकडे गेले होते तेव्हा दुपारी करमेना म्हणून तिथल्या वाचनालयाला लागून असलेल्या छोट्या संग्रहालयात जायचे. एक निवृत्त गृहस्थ तिथं हौसेनं माहिती द्यायचे. नदीवरची गिरणी, मग आगगाडी, मग दूध-लोण्याचा धंदा, मग शेतं विकली गेली आणि घरं आली, असं सगळं त्यांनी नकाशांवर दाखवलं. पहिल्या नकाशात माळरानावर पट्टीनं आखलेले चौकोन होते आणि कोपऱ्याकोपऱ्यावर मोजणीदारांनी ठोकलेल्या खुंटांच्या खुणा. मी विचारलं, की याच्या आधी इथं कोण होतं? ते थांबले. चष्मा काढून पुसला. मग त्यांनी मला भिंतीवरची एक लहानशी पाटी दाखवली. तिथं राहणाऱ्या मूळ लोकांबद्दल तिच्यावर एकच वाक्य होतं. गृहस्थ प्रामाणिक होते. म्हणाले, त्यांना पश्चिमेच्या मोठ्या नदीपलीकडे हाकललं. सुखासुखी गेले नाहीत ते. मुग्धा मला न्यायला आली तेव्हा म्हणाली, "आई, यू ऑलवेज आस्क द अनकम्फर्टेबल थिंग." मी काय सांगणार? प्रत्येक उपनगराचा इतिहास 'इथं आधी काही नव्हतं' असा सुरू होतो, आणि मी एका बाईच्या तोंडून त्या 'काही नव्हतं'मधल्या लाल दोराची हकीकत ऐकलेली होती.

पण मला सांगायचं आहे ते वासुदेव आणि गणपतबद्दल.

दोघं सख्खे चुलतभाऊ. देवगड तालुक्यातल्या एका वाडीतले. आधी क्लिनिकात वासुदेव आला, सळई बांधायच्या कामावरचा. मनगट मुरगळलं होतं. पस्तिशीचा, उंच, नाक धारदार, बोलायला मोकळा. मी मराठी बोलते म्हटल्यावर त्याचा चेहरा उजळला. काही दिवसांनी गणपत आला, अंगठ्यावर घण पडलेला. तेच नाक, तीच उंची. पण हा तोंडातून शब्द काढीना. मी आपली सहज म्हणाले, की तुमच्यासारखाच एक जण येऊन गेला, भाऊ का? त्यानं अंगठा माझ्या हातातून काढून घेतला. टाका अर्धा राहिला होता.

पुढे वासुदेवकडूनच कळलं. दोघांच्या जमिनी लागून, मधे गडगा. जांभ्या दगडांची बिनचुन्याची कंबरभर भिंत. गणपतचे वडील, म्हणजे वासुदेवचे काका, वारले त्या पावसाळ्यात गडगा कोसळला, आणि वासुदेवच्या घरच्यांनी तो पुन्हा रचताना हातभर पलीकडे रचला, असं गणपतच्या घरचं म्हणणं. वासुदेवच्या घरचं म्हणणं, तो होता तिथंच रचला. किती जागा? मी विचारलं. त्यानं क्लिनिकातली तपासायची खाट दाखवली. म्हणाला, हिच्या रुंदीपेक्षा कमी. त्यात काय पिकतं? तो हसला. कातळ आहे, म्हणाला, गवतसुद्धा धड येत नाही. फक्त टोकाला एक आंब्याचं कलम आहे, काकांनी लावलेलं. ते आता कुणाच्या बाजूला येतं यावर सगळं अडलंय.

त्या कातळावरून दोन घरांचं बोलणं तुटलं, लग्नकार्यं तुटली, गणपती वेगळा झाला. दोघं वेगवेगळ्या एजंटकडून, एकमेकांना न कळवता दुबईला निघाले. आणि इतक्या मोठ्या शहरात, इतक्या कंपन्यांमध्ये, दोघांना सोनापुरातली एकच खोली मिळाली. खालची खाट गणपतची, वरची वासुदेवची. वर चढताना वासुदेवला गणपतच्या खाटेच्या कडेवर पाय द्यावा लागे. रोज, आणि एक शब्द न बोलता. बाकीच्यांना वाटायचं, हे एकमेकांना ओळखत नाहीत.

त्या वर्षीचा ऑगस्ट माणसं चिडवणारा होता. कॅम्पच्या पाण्याचे टँकर वेळेवर येईनात. आलं ते पाणी पत्र्याच्या टाकीत उकळायचं. म्हणून लोक पहाटे बादल्या भरून खाटांखाली ठेवत आणि दुपारपर्यंत निवलेल्या त्या पाण्यासाठी एकमेकांच्या अंगावर जात. आमच्याकडे ओठ फुटलेले, कानफटात बसून कान वाहणारे, चावे घेतलेले लोक येऊ लागले. डॉक्टर म्हणाले, की सिस्टर, या महिन्यात पट्ट्या जास्त मागवा. माणसं पिंजऱ्यातल्यासारखी झाली होती. आमच्या बिल्डिंगमध्येसुद्धा पार्किंगवरून दोन सुशिक्षित बापे एकमेकांची कॉलर धरून उभे राहिलेले मी पाहिले. त्यांची मुलं एकाच शाळेत, एकाच वर्गात होती.

त्या शुक्रवारी सुट्टी होती. जेवण आटोपून श्रीकांत आडवा झाला होता. मी क्लिनिकची चावी घेऊन खाली गेले होते, उम्म सालेमना शेक द्यायला. त्यांचा ड्रायव्हर नमाजानंतर त्यांना सोडून गेला होता. येताना त्यांनी घरच्या झाडांच्या रुतबाचा खोका आणला होता. तो काउंटरवर उघडाच होता.

एक पिकअप क्लिनिकच्या पायरीला येऊन आदळली. मागच्या हौद्यातून चार-पाच जणांनी एकाला उचलून आत आणलं. उघडा, कमरेला ओली लुंगी, सगळ्या अंगावर साबण. चेहरा दिसतच नव्हता. कपाळापासून गालापर्यंत रक्त आणि फेस एकमेकांत मिसळून गुलाबी झाले होते आणि त्यातून बुडबुडे येत होते. एकानं त्याला काउंटरवर टेकवलं तेव्हा खोका पालथा झाला, आणि त्यांच्या अनवाणी पायांखाली ते खजूर चिरडून लादीवर घसरू लागले. मी टॉवेलनं चेहरा पुसला. नाकावरून ओळखलं, वासुदेव. डाव्या डोळ्याच्या जागी काय होतं ते मी इथं लिहीत नाही. मी नर्स आहे, पुष्कळ पाहिलं आहे. तरी हात मागे आला.

त्यांच्या मागोमाग बाकीचे येऊ लागले. गणपतनं लोखंडी पाइप मारला हे बघून कोकणातली पोरं त्याच्यावर धावली, ती पोचायच्या आत त्याच्या बाजूचे त्यांच्यावर, मग कोण कुणाचा हे राहिलंच नाही. पाण्याच्या रांगेत उभे असलेले, महिनाभर धुमसत असलेले सगळे उठले. विटा, खाटांचे पाय, पत्र्याचे तुकडे. एकाचा दंड पत्र्यानं हाडापर्यंत उघडला होता. एक जण स्वतःचे दोन दात मुठीत घेऊन आला. मी वर श्रीकांतला हाक मारली, डॉक्टरांना फोन लावायला सांगितलं, ॲम्ब्युलन्सला सांगितलं. मुग्धा जिन्यात येऊन उभी राहिली होती. तिला वर ढकलायलाही मला सवड नव्हती. उम्म सालेम गुडघ्याचं विसरून उठल्या. त्यांनी आपल्या काळ्या झग्याचा, अबायाचा घोळ कमरेला खोचला, वासुदेवचं डोकं मांडीवर घेतलं आणि मी पट्टी बांधेपर्यंत दोन्ही हातांनी दाबून धरलं. त्यांच्या बोटांमधून रक्त मनगटापर्यंत उतरत होतं. त्या काहीतरी पुटपुटत होत्या. प्रार्थना असेल. मला फक्त 'खलास, खलास' एवढं कळत होतं.

वासुदेव शुद्धीत होता. तो मला पुन्हा पुन्हा एकच सांगत होता, की गणपतनं मला हाक मारली. वासू म्हणून हाक मारली.

डोळा गेला. मोठ्या हॉस्पिटलात शस्त्रक्रिया झाली, पण काढूनच टाकावा लागला. गणपतला पोलिसांनी कॅम्पातच धरला. तो पळाला नव्हता. पाइप खाली टाकून नळापाशी बसून होता म्हणे, आणि चारी बाजूंनी हाणामारी चाललेली असताना त्याला कुणी हात लावला नव्हता.

मी ड्यूटी संपल्यावर वासुदेवला भेटायला जायची. मारण्याचं कारण काय ते त्याच्या कॅम्पातल्या शेजारच्या खाटेवरच्यानं सांगितलं. त्या सकाळी गणपत टेलिफोन बूथवर रांग लावून गावी बोलला होता. आई रडत होती. वासुदेवच्या थोरल्या भावानं आदल्या दिवशी कुऱ्हाड घालून ते कलम तोडलं होतं. कुणाचंच नको म्हणून मुळापासून तोडलं. वासुदेवला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तो आंघोळीला उभा होता, सुट्टीचा दिवस म्हणून जरा जास्तच साबण लावून.

आता प्रश्न होता माफीचा. इथल्या कायद्यात मार खाल्लेल्यानं तक्रार मागे घेतली, माफ केलं, तर शिक्षा पुष्कळ हलकी होते. थोडी कैद आणि मग मायदेशी रवानगी. नाहीतर गणपत कितीतरी वर्षं आत राहणार होता. हॉस्पिटलच्या फोनवर गावचे फोन येऊ लागले. वासुदेवचा भाऊ म्हणे, सडू दे. गावची मोठी माणसं म्हणत, वाडीचं नाव जाईल, मिटव. गणपतच्या आईनं फोन केला आणि काही न बोलता नुसती रडली. वासुदेवची बायको मात्र एकच बोलली, की तुम्हाला काय वाटेल ते करा, पण मला विचारू नका. मी हो म्हटलं तरी आयुष्यभर तुमचा चेहरा मलाच बघायचा आहे.

उम्म सालेमही एकदा येऊन गेल्या. मी त्यांना म्हटलं, तुमच्या काकांच्या वेळी कसं मिटलं? मिटलं नाही, त्या म्हणाल्या. मारणारे म्हातारे झाले, मग सरकारनं पाण्याची पाइप टाकली आणि विहिरीकडे कुणी जाईनासं झालं. त्या वासुदेवशी काही बोलल्या नाहीत. त्याला हिंदी फार येत नव्हतं. नुसत्या त्याच्या पायाशी हात ठेवून बसल्या.

शेवटी वासुदेव म्हणाला, की मला त्याला एकदा बघायचं आहे. मगच सांगेन. पोलीस अधिकारी तरुण, शांत माणूस होता. त्यानं परवानगी दिली आणि याची भाषा आमच्या दुभाष्याला कळत नाही, तेव्हा तुम्ही बरोबर या, असं मला सांगितलं.

पोलीस ठाण्यातली ती खोली मला अजून जशीच्या तशी दिसते. एसीचा गारठा, हिरवट भिंती, स्टीलचं टेबल. गणपतला आणलं तेव्हा तो निम्मा झाला होता. तो बसला आणि टेबलाकडे बघत राहिला. वासुदेवच्या डोक्याला पांढरं बँडेज होतं. दोघांची नाकं तीच. अधिकाऱ्यानं माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, थांबा.

मग वासुदेवनं मालवणीत विचारलं. आवाजात राग नव्हता. खरंच कळत नसलेलं माणूस विचारतं तसं.

"मारूचाच होता तर गप मारूचा होता. हाक कित्याक मारलंस?"

गणपतनं अंगठा मुठीत दाबला.

"आणि मारताना रडत कित्याक होतंस?"

गणपत टेबलाशीच बोलला.

"हाक मारलंय ती तू माज्याकडे बघूचा म्हणान. पाठसून मारूचा नव्हता माका. तू वळलंस. तोंडार सगळो फेस, धवोशुभ्र. माज्या बापाशीसारखो दिसलंस. पण तोपर्यंत हात सुटललो."

अधिकाऱ्यानं मला विचारलं, काय म्हणाला? माझ्या डोळ्यांपुढे तो क्षण उभा राहिला होता. वरून आग ओकणारा ऑगस्ट, खाली साबणाचा फेस, आणि मेलेल्या बापाची पांढरी दाढी चुलतभावाच्या चेहऱ्यावर उगवलेली बघत, न थांबवता येणारा स्वतःचाच हात. मी इंग्रजीत कसंबसं सांगितलं, की मारताना त्याला याच्या चेहऱ्यात आपले वडील दिसले. त्या तरुण अधिकाऱ्यानं पेन खाली ठेवलं.

वासुदेवनं बँडेज सारखं केलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मी माफ करूचंय नाय, सिस्टर. पण केलंय म्हणान लिवा."

मी विचारलं, नक्की ना? त्यानं मान हलवली. मी माफ करणार नाही, पण केलं असं लिहा. हे वाक्य मी अधिकाऱ्याला सांगितलं तेव्हा फक्त दुसरा अर्धा भाग सांगितला. वासुदेवनं सही केली. उठताना त्याचा तोल गेला, डाव्या बाजूचं काही दिसत नव्हतं म्हणून. गणपतनं नकळत हात पुढे केला. वासुदेवनं तो धरला नाही. टेबलाची कड धरून उठला.

गणपतला थंडी सुरू होता होता परत पाठवलं. वासुदेवला कंपनीनं स्टोअरवर ठेवलं. सळईचं काम एका डोळ्यानं होत नाही. काचेचा डोळा बसवला. तो मधूनमधून क्लिनिकमध्ये यायचा, खोबणीत पू व्हायचा त्यासाठी. आमच्या खिडकीपुढच्या खुंट्या निघाल्या, रस्ते झाले, शाळेची भिंत आली, व्हिलांवर बोगनवेली चढल्या. टायरचं दुकान पाडलं. पाया खणताना मजुरांना विहिरीची दगडी कड लागली असं मी उम्म सालेमना सांगितलं, तेव्हा त्यांनी विचारलं, पाणी होतं का? मी म्हटलं, माहीत नाही, त्यांनी लगेच काँक्रीट ओतलं. पुढच्याच वर्षी त्यांचं कुटुंब अल ऐनला गेलं.

नवं शतक लागून काही वर्षं झाली होती तेव्हा वासुदेव कायमचा गावी निघाला. श्रीकांत आणि मी त्याला विमानतळावर सोडायला गेलो. तोही ऑगस्टच होता. गाडीत तो आपणहून बोलला. बायकोनं फोनवर सांगितलं होतं, की गणपतनं यंदा गडगा सगळा उतरवला आणि एकट्यानं, एकेक दगड वाहून, पुन्हा रचला; हातभर स्वतःच्याच जमिनीत आत. वासुदेवच्या घरची जागा वाढली होती. भाऊ खूश होता.

मला वाटलं, बरं झालं, निदान एवढं तरी. मी तसं बोललेही. श्रीकांतनं आरशातून मागे पाहिलं.

वासुदेवनं मान हलवली. तो म्हणाला, की गेल्या गेल्या मी तो पुन्हा उतरवणार आहे. माझ्या काकांच्या वेळी जिथं होता तिथं रचणार. त्याच्या बाजूलाही नाही आणि आमच्या बाजूलाही नाही. भाऊ आडवा आला तर त्याला बाजूला सारून रचणार.

"तेणां दिल्यान ता माका नको," तो म्हणाला. "माजा होता तेवढाच व्हया."

त्याला मी विचारलं, गणपतशी बोलशील का? दगड एकट्यानं उचलत नाहीत, एवढंच तो म्हणाला. ते उत्तर हो होतं की नाही, मला कळलं नाही. कदाचित त्यालाही ठरवायचं असेल.

प्रवेशदाराशी आम्ही उतरलो. चष्मा पांढरा झाला म्हणून मला तो नीट दिसेना. त्यानं बॅगा ढकलगाडीवर चढवल्या आणि आत निघाला. पोलिसानं पासपोर्ट बघितला. वासुदेवच्या डाव्या हाताला, बाहेरच्या कठड्याशी आम्ही उभे होतो. त्या बाजूनं त्याला काही दिसत नव्हतं. तो दोन पावलं पुढे गेला, थांबला, आणि आम्ही अजून उभे आहोत का हे बघायला त्याला सबंध अंग वळवावं लागलं.

मी हात वर केला. तो बघत राहिला, उजव्या डोळ्यानं, खूप वेळ. मागची रांग खोळंबली तरी.